खोट्या शेराची खरेदी

बत्तीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, आणि त्या बत्तीस वर्षांत बाजारहाट आमच्याकडे बायकोनेच केला. आळस हे त्याचं कारण नव्हे. मी भाजीवाल्यापुढे उभा राहिलो की पारडं थेट जमिनीला टेकायचं. पावशेर मिरच्या मागितल्या की पिशवीत अर्धा किलो. जास्तीच्या परत केल्या तर माणूस घाबरायचा, ठेवून घेतल्या तर मला झोप लागायची नाही. शेवटी बाजारात जाणंच सोडलं. त्यामुळे घासाघीस कशी करतात, ते मला आजही येत नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी जुन्या बाजारात चल," तेव्हा मी लगेच गुडघा पुढे केला. तिला नव्या फ्लॅटमध्ये पितळी तराजू टांगायचा होता, दोन्ही पारड्यांत मनीप्लांट लावून. तराजूत मनीप्लांट! पण "खरा-खोटा मला कसा कळणार?" असं ती म्हणाली आणि माझा गुडघा बरा झाला.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. पुराणवस्तू म्हटल्यावर मी काचेच्या कपाटांच्या तयारीने गेलो होतो. इथे ताडपत्रीवर पान्हे, ड्रिल मशीन, एकेकटे बूट आणि टीव्हीपासून ताटातूट झालेले रिमोट. त्यांच्याच मधे अडकित्ते, कंदील, पितळी स्टोव्ह आणि कुलुपं हरवलेल्या किल्ल्यांचा ढीग. त्या किल्ल्या कोण विकत घेत असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

एका पोराने माझ्या तळहातावर व्हिक्टोरिया राणीचा रुपया ठेवला. "काका, अस्सल चांदी." हाताला तो लगेच हलका लागला. राणीच्या रुपयाचं वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. लोक तो रुपया वजन म्हणूनच पारड्यात टाकत. मी काटा मागितला. पोराने खिशातून इलेक्ट्रॉनिक काटा काढला. त्यावर पडताळणीचा शिक्का नव्हता, पण मी जीभ चावली. आकडा आला 9.8.

"झिजलाय काका, वापरून वापरून."

राणीचं नाक मात्र काल टाकसाळीतून आल्यासारखं धारदार होतं.

तराजूंचं काय सांगावं? सहा पाहिले, सहाही नवे. ॲसिड लावून काळे केलेले. एकाचा मधला काटा तर दांडीला डाख देऊन पक्का केलेला, म्हणजे त्यात काहीही टाका, तो हलणार नाही. मी पासंग बघायला पारडी मोकळी सोडली, तर एक बाजू चांगली बोटभर खाली. "मनीप्लांटला चालेल," मुलगी म्हणाली आणि 2600 सांगितलेला तराजू 1700 ला घेऊन मोकळी झाली. हा गुण आईचा.

मी तिथेच उकिडवा बसलो होतो, कारण तराजूवाल्याच्या गोणपाटाच्या कोपऱ्यात एक बिडाचं वजन पडलं होतं. जुना शेर. दशमान वजनांचा कायदा 1956 चा, 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने आली आणि 1962 पर्यंत सक्तीची झाली. त्याआधी गावोगावचे शेर वेगळे होते. मुंबईचा मण 28 पौंडांचा, तर बंगाली मण 82 पौंडांहून जास्त. माझ्या नोकरीच्या सुरुवातीलाही आठवडे बाजारांत अशी मापं सापडायची. आम्ही ती जप्त करायचो.

"काका, एक शेर म्हणजे आपला एक किलो," विक्रेता म्हणाला.

"80 तोळे. 933 ग्रॅम."

"तुमचं दुकान होतं का?"

"दुकानाच्या पलीकडे उभा असायचो," मी म्हणालो.

सवयीने वजन उपडं केलं. वजनाच्या पोटात खळगा असतो, त्यात शिसं ओततात आणि त्या शिशावर सरकारी ठसा मारतात. हा खळगा रिकामा होता. कडेला टोच्याने कोरल्याच्या खुणा, त्यांवरही जुना गंज चढलेला. कुणा दुकानदाराने पन्नास-साठ वर्षांपूर्वी सावकाश बसून हे शिसं उकरून काढलं असणार आणि मग दररोज या वजनाने डाळ, गूळ, शेंगदाणे विकले असणार. सगळ्या बाजारात खात्रीने जुनी म्हणावी अशी मला सापडली ती ही लबाडी.

त्याने आठशे सांगितले. मी आठशे दिले. मुलीने कपाळाला हात लावला. "बाबा, निदान पाचशे तरी म्हणायचं होतंस." विक्रेता इतका गोंधळला, की मागे हाक मारून त्याने एक अडकित्ता फुकट दिला. तो मी परत केला.

घरी आल्यावर शेर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 898 ग्रॅम भरला. तीन तोळे कमी.