सरांनी दिलेला ब्रश



मागच्या वेळी चातुर्मासातल्या डब्यांबद्दल लिहिलं होतं. आज स्वयंपाकघरातून जरा बाहेर पडते. माझ्या चित्रांबद्दल तुम्ही बऱ्याच जणी विचारत असता, "बक्षीस मिळालं म्हणे, कधी दाखवणार?" दाखवीन. पण त्या बक्षिसाची एक गोष्ट आहे, ती आधी सांगायला हवी. वर्षभर सांगेन सांगेन म्हणत मी ती टाळत होते.

मी चित्रं काढायला लागले तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, तेवढाच काय तो चित्रकलेशी संबंध. २०१८ साली महामस्तकाभिषेकासाठी आम्ही सगळे श्रवणबेळगोळला गेलो. भगवंतांचं दर्शन झालं, आणि परतताना मुलांच्या हट्टापायी म्हैसूर केलं. तिथल्या जगन्मोहन राजवाड्यात 'दिवा घेतलेली स्त्री' आहे. तुम्ही पाहिली असेल. नसली तरी कॅलेंडरवर नक्की पाहिली असेल. एका हातात समई, दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला, बोटांमधून लालसर उजेड येतोय आणि चेहरा उजळलाय. माझ्या माहेरी हे चित्र सोप्यात लावलेलं होतं. आम्ही सगळे त्याला रविवर्म्याचं चित्र म्हणायचो.

ते रविवर्म्याचं नाहीच. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. आणि ते तैलचित्र नाही, जलरंगातलं आहे! मी चाट पडले. शाळेत ज्या रंगांनी आपण डोंगर आणि त्यामागचा सूर्य काढला, त्याच रंगांनी हा चेहरा? चित्रासाठी उभी राहिलेली त्यांची मुलगी गीताताई उपळेकर पुढे कोल्हापूरला राहत होत्या. त्याच वर्षी, २०१८ मध्ये, शंभरी ओलांडून त्या गेल्या. म्हणजे लहानपणापासून भिंतीवर पाहिलेली ती मुलगी आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर होती आणि मला पत्ताही नव्हता.

घरी आल्यावर हळदणकरांबद्दल मिळेल ते वाचलं. १८८२ चा जन्म, १९०८ साली मुंबईत चित्रकलेचा स्वतःचा वर्ग काढला. १९१८ साली 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. इतका मोठा चित्रकार, पण एकटा बसला नाही. वर्ग काढला, संस्था उभी केली, दुसऱ्यांची चित्रं भिंतीवर लागावीत म्हणून खटपट केली.

मग मीही रंगांची एक पेटी आणली. दुपारी सगळं आवरलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचं. जलरंगाची एक गंमत सांगते. त्यात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. जिथे उजेड हवा तिथे कागद कोराच सोडायचा. एकदा तिथे रंग लागला की उजेड गेला, परत आणता येत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर बटाटा घालता येतो (आपण घालत नाही ते सोडा!), इथे तसला काही उपाय नाही. माझे पहिले शंभर कागद तरी असेच गेले.

सांगलीत दर रविवारी सकाळी साडेसहाला काही मंडळी कृष्णाघाटावर चित्रं काढायला बसतात, हे मला माझ्या जाऊबाईंकडून कळलं. दहा-बारा जणांचा गट. त्यात निवृत्त बँक अधिकारी आहेत, साखर कारखान्यातले एक कारकून आहेत, इंजिनिअरिंगची दोन पोरं आहेत, आणि सगळ्यांचे सर आहेत. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक, वय पंच्याहत्तरच्या पुढे. पहिल्या दिवशी मी पिशवी छातीशी धरून लांबच उभी होते. सरांनी हाक मारली, "वहिनी, नदी इकडे आहे. तिकडून काय दिसणार?" झालं, मी गटात आले.

गटाचा नियम साधा आहे. बसायचं, काढायचं, नऊ वाजता सगळ्यांची चित्रं पायरीवर मांडायची आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्राबद्दल खरं बोलायचं. मग कांदाभजी आणि चहा. माझा डबा वेगळा असतो हे दोन रविवारांत सगळ्यांना कळलं. तिसऱ्या रविवारी सरांनी भजीवाल्याला सांगून माझ्यासाठी मिरचीची वेगळी भजी तळून घेतली. पातेलं वेगळं होतं की नाही हे मी विचारलं, तेव्हा ते हसले नाहीत. उठून जाऊन बघून आले. "एकच कढई आहे," म्हणाले. मी भजी खाल्ली नाही, पण त्या माणसाबद्दलचा आदर तेव्हापासून आहे.

दोन वर्षांनी गटाचं प्रदर्शन ठरलं, कोल्हापूरला, शाहू स्मारकच्या कलादालनात. त्याच सुमारास एका जलरंग स्पर्धेसाठीही सगळे चित्रं पाठवत होते. माझं चित्र होतं आयर्विन पुलाचं. १९२९ चा तो पूल, हिवाळ्याच्या धुक्यात अर्धाच दिसणारा. पण कमानी मला साधत नव्हत्या. माझा ब्रश मध्येच कोरडा पडायचा आणि रेघ तुटायची. सरांनी आपल्या बांबूच्या चटईतून एक ब्रश काढून माझ्या हातात ठेवला. "वीस वर्षांपूर्वी मुंबईहून आणलाय. आता माझा हात थरथरतो. तुमच्याकडे राहू दे."

काय सांगू त्या ब्रशबद्दल! एकदा पाण्यात बुडवला की सगळी कमान एका दमात. टोक सुईसारखं, आणि दाबला की परत सरळ उभा. पूल झाला. प्रदर्शनात चित्र लागलं, स्पर्धेत दुसरा क्रमांक आला. ह्यांनी बस्तीत सगळ्यांना पेढे वाटले. सासूबाई प्रदर्शनाच्या तीनही दिवशी आल्या आणि माझ्या चित्रासमोर खुर्ची टाकून बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सुनेचं." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण मला "आमची सून" असं चारचौघांत अभिमानाने कुणी म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दोन महिन्यांनी पुण्याहून लेकीने मोबाइलवर एक बातमी पाठवली. वन खात्याने धाड घालून मुंगसाच्या केसांचे ब्रश पकडले होते. सोबत फोटो. केसाचं टोक गडद तपकिरी, मधे फिकट सायीच्या रंगाचा पट्टा, मुळाशी पुन्हा गडद. खाली लेकीचा प्रश्न, "आई, तुझा तर असा नाही ना?"

मी ब्रश काढून उजेडात धरला. तसाच होता.

मैत्रिणींनो, मी पाणी गाळून घेते. पालेभाजी चार वेळा बघते. पावसाळ्यात पीठ जास्त दिवसांचं दळून ठेवत नाही. आणि दोन वर्षं ज्या हातात ब्रश धरत होते त्या हाताने एकदाही विचारलं नाही की हे केस कुणाचे.

मग मी शोधायला बसले. मुंगूस कुणी केसांसाठी पाळत नाही. रानातून धरतात आणि मारतात, तेव्हाच केस मिळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. असे ब्रश विकणं तर सोडाच, बाळगणंही गुन्हा आहे. एवढ्यावर थांबले नाही. जलरंगवाले ज्याला सर्वांत उत्तम मानतात तो 'सेबल' ब्रश म्हणजे थंड प्रदेशातल्या एका मुंगसासारख्याच लहान प्राण्याच्या शेपटीचे केस. मऊ मोठे ब्रश खारीच्या केसांचे. मुलांच्या पेटीतल्या ज्या ब्रशावर 'कॅमल हेअर' लिहिलेलं असतं त्यात उंटाचा एक केस नसतो. खार, बकरी, घोडा, जे मिळेल त्याचे केस असतात. काही उंची कागदांना जिलेटिनचा लेप असतो, म्हणजे हाडं-कातडी. एक काळा रंग हाडं जाळून करतात. खरा 'कारमाइन' लाल रंग किड्यांपासून येतो. जलरंग बांधला जातो बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाने, ते ठीक. पण काही कंपन्या त्यात मध घालतात. मध! जो आपण जिभेला लावत नाही, तो बोटांना लागलेला.

त्या रात्री झोप आली नाही. ब्रश कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. आणि सरांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुम्ही प्रेमाने दिलेली वस्तू पाप आहे, असं? वडिलांच्या वयाचा माणूस. ज्याने माझ्यासाठी कढई बघून आला. रविवारी मी साधा नायलॉनचा ब्रश घेऊन बसायला लागले. सरांनी एकदा विचारलं, "तो कुठंय?" मी म्हणाले, "जपून ठेवलाय." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. प्रवचनात माताजी सांगत होत्या की मनात एक, बोलण्यात दुसरं आणि कृतीत तिसरं असेल तर तो वाकडेपणा. साधेपणाने सरळ व्हा. मी मान खाली घालून बसले होते. मला ब्रशचं जेवढं वाईट वाटत होतं, त्याहून त्या "जपून ठेवलाय"चं जास्त वाटत होतं. ब्रश अजाणता वापरला होता. हे मात्र जाणूनबुजून होतं.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना फोन करतो. मी सरांकडे गेले. ब्रश कागदात गुंडाळून नेला होता. सगळं सांगितलं. रडले थोडी. म्हणाले, "सर, तुमची चूक म्हणून नाही सांगत. मी खोटं बोलले, त्याची क्षमा मागायला आले."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलं नाही हो. चांगला ब्रश मुंगसाचा, एवढंच माहीत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण काहीतरी दुखावलेलं होतं. पुढचे तीन रविवार ते घाटावर आले नाहीत. त्या तीन आठवड्यांत मला वाटलं, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? मुंगूस तर कधीच मेलं होतं. गटातल्या एकाने तोंडावर म्हटलं, "वहिनी, तुमचा धर्म तुमच्या डब्यात ठेवा ना." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचत नाही.

चौथ्या रविवारी सर आले. चटई पसरली. त्यात सहा नवे ब्रश होते, सगळे कृत्रिम केसांचे. "पाणी धरत नाहीत लेकाचे," ते म्हणाले. "पण दोनदा बुडवायचं. आपल्याला घाई कुठाय?" त्यांच्याकडचे जुने सात ब्रश आणि माझा एक, असे आठ त्यांनी गटातल्या एकाच्या ओळखीने वन खात्याच्या कार्यालयात नेऊन दिले. तिथल्या साहेबांना आधी कळेचना की हे म्हातारे गृहस्थ ब्रश का आणून देतायत. अर्ज लिहायला लावला. सरांनी शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिला. गटात सगळ्यांनी ब्रश बदलले असं नाही. तिघांनी बदलले. मी कुणाला विचारत नाही.

तुमची मुलं-नातवंडं ग्रेड परीक्षांना बसत असतील तर ब्रश घेताना दुकानदाराला 'सिंथेटिक' किंवा 'नायलॉन' असं स्पष्ट सांगा. ते स्वस्तही पडतात. 'हेअर' लिहिलेलं असेल तर थांबा आणि विचारा. कागद घेताना जिलेटिनचा लेप नसलेला मागा. रंगात मध आहे का हे बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात मिळतं. मी स्वतः अजून सगळ्यातून सुटले नाही. माझ्याकडे जुन्या कागदाची एक गड्डी पडून आहे, फेकवत नाही आणि वापरवत नाही.

आणि ते बक्षिसाचं चित्र? ते आमच्या सोप्यात लावलंय. काढून टाकावं असं वाटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. कुणी वा वा केली की पुढची गोष्ट पण सांगत जा." म्हणून सांगते. पाहुण्यांना सांगते, आज तुम्हाला सांगितली.

यंदा पुन्हा स्पर्धेत चित्र पाठवलं होतं. घाटावरच्या पायऱ्यांचं, नव्या ब्रशने काढलेलं. काही मिळालं नाही. सरांनी ते पायरीवर ठेवून डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, इथं पाणी कमी पडलं."

खरंच कमी पडलं होतं. पुढच्या रविवारी तिसऱ्यांदा बुडवून बघेन.