मॅडम, हिला जरा बोला

माझ्याकडे येणाऱ्या शाळा-कॉलेजच्या कितीतरी मुलींच्या मानेवर, मागच्या बाजूला, एक काळसर जाड पट्टा असतो. काखेतही तसाच. घरच्यांना तो मळ वाटतो. बहुतेकींनी तो घासून पाहिलेला असतो: डाळीच्या पिठाने, लिंबाच्या फोडीने, काहींनी तर कपड्यांच्या ब्रशने. कातडी सोलवटते, पट्टा जात नाही, कारण तो मळ नसतोच. शरीरात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त फिरू लागलं की या जागच्या पेशी भराभर वाढतात, त्वचा जाडसर होते आणि काळवंडते. वैद्यकात याला ‘अकॅन्थोसिस नायग्रिकन्स’ म्हणतात. आम्हा हार्मोनच्या डॉक्टरांसाठी ही खूण मोलाची, कारण पुष्कळदा रक्तातली साखर वाढण्याच्या बरीच आधी ती दिसते. त्या वेळी हाताशी वर्षं असतात, करण्यासारखं खूप असतं.

मोबाइलचा फिल्टर ही खूण क्षणात पुसून टाकतो. फिल्टर न लावता फोटो टाकला, तर खाली कुणीतरी लिहितंच, ‘आधी मान धू.’ मग मुलगी उन्हाळ्यातही गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून फिरते. माझ्यासमोर बसल्यावरही तो सोडायला तिला वेळ लागतो.

ढोल-ताशा पथकात वाजवणारी एक मुलगी अशीच आली होती. गणपतीच्या दिवसांतलं तिचं रील कुणीतरी टाकलं होतं. पांढरा कुर्ता, कमरेला शेला, नाकात नथ, हातात टिपरू. ती अतिशय तालात वाजवत होती. कमरेला जड ढोल बांधून तासन् तास उभं राहायचं, पुढे सरकायचं आणि ठेका सोडायचा नाही, याला केवढा दम लागतो! तिच्या हृदयाबद्दल आणि स्नायूंबद्दल त्या रीलमधून मला बरंच काही कळलं. खालच्या कमेंट मात्र वेगळ्याच होत्या. ‘यात ढोल कुठला आणि वाजवणारी कुठली?’ ‘हिला ट्रॅक्टरवर ठेवा.’ हसणाऱ्या चेहऱ्यांची लांबलचक रांग. तिने स्क्रीनशॉट काढून ठेवले होते आणि रक्ताचे रिपोर्ट वाचावेत तशा सपाट आवाजात एकेक कमेंट मला वाचून दाखवली.

सोबत आई होती. ती म्हणाली, “मॅडम, हिला जरा बोला. माझं ऐकत नाही. दिवसभर काही खात नाही म्हणते, मग वजन वाढतं कसं?”

आई खोटं बोलत नव्हती आणि मुलगीही नाही. रीलनंतर तिने पथक सोडलं होतं. म्हणजे सरावाच्या निमित्ताने रोज होणारा, तिला मनापासून आवडणारा व्यायाम गेला. सकाळी जिऱ्याचं पाणी, दुपारी काकडी, असा कुणा इन्फ्लुएन्सरचा आहार सुरू झाला होता. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, डब्यातल्या गार पोळ्या, बरणीतलं लोणचं, फरसाण, हाताला लागेल ते. आणि त्यानंतर बाथरूममध्ये घशात बोटं. हे शेवटचं तिने आईला बाहेर बसवल्यावर सांगितलं. पाळी चार महिने आलेली नव्हती. मानेवर पट्टा होता, हनुवटीवर केस होते. पीसीओडी होता, इन्सुलिन वाढलेलं होतं, आणि या सगळ्यावर आता खाण्याचा एक गंभीर मानसिक विकार चढला होता. पहिल्या दुखण्यावर माझ्याकडे औषध होतं. दुसरं कमेंटमधून आलं होतं आणि त्यासाठी मला तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागलं.

‘बोलल्याने माणूस सुधारतो’ हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की वजनाच्या बाबतीत तो तपासून पाहावा असंही कुणाला वाटत नाही. तो तपासला गेला आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांनी वजनावरून भेदभाव सोसला होता, ते पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. माझ्या रुग्णांचे अनुभव ऐकताना याचं मला नवल वाटत नाही. बोलणी खाल्लेली मुलगी जिमला जात नाही, पोहायला जात नाही, डॉक्टरकडे जात नाही. ती घरात बसते, आणि घरात तिच्या सोबतीला मोबाइल असतो.

उपासमारीत शरीर काय करतं, हेही जुनं ज्ञान आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. रोज सुमारे १,५७० कॅलरी. या तरुणांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचत, चिडचिड करत, उदास होत. पोटभर खाण्याची मुभा मिळाल्यावर कित्येकांची भूक भागता भागत नव्हती. आज मोबाइलवर वाढीच्या वयातल्या मुलींना १,२०० कॅलरींचे तक्ते सर्रास वाटले जातात. मग रात्रीचं खाणं अनावर झालं की त्या स्वतःला हावरट म्हणतात.

दुष्काळात शहाणं घर खर्चाला कात्री लावतं, तसं वजन उतरू लागलं की शरीर जळण वाचवायला लागतं. चरबीतून येणारं लेप्टिन उतरतं, भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, आणि हा बदल वर्षभरानंतरही टिकून असतो, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. बहुतेकांचं वजन पुन्हा वाढलं होतं. टीव्हीवर सगळ्या देशासमोर वजन उतरवलेली ही माणसं. त्यांना आळशी कसं म्हणणार?

मला नेहमी विचारतात, ‘पूर्वी काय कुणी चिडवत नव्हतं?’ चिडवत होतं. उमादेवी खत्री यांनी १९४७ साली ‘दर्द’ चित्रपटात गायलेली गाणी गाजली होती. पुढे पडद्यावर त्यांची विनोदी नटी ‘टुणटुण’ झाली आणि त्यांच्या देहावर हसायची देशाला सवय लागली. लग्नकार्यात ‘अगं, किती सुटलीस!’ म्हणणारी आत्या प्रत्येक घरात होती. पण आत्या संध्याकाळी आपल्या घरी जायची.

पडदा काय करतो, हे पाहायला आपल्या ओळखीचा एक देश आहे, फिजी. तिथे भरल्या अंगाचं कौतुक होतं, आग्रहाने खाऊ घालण्याची रीत होती. १९९५ मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही आला. ॲन बेकर या मानववंशशास्त्राच्या आणि मानसोपचाराच्या अभ्यासक टीव्ही येताच तिथल्या शाळकरी मुलींशी बोलल्या. वजनासाठी उलटी काढणारी एकही मुलगी त्यांना १९९५ मध्ये आढळली नाही. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होतं. तीन वर्षांत, आणि तेही सगळ्यांना सारखंच दिसणाऱ्या टीव्हीमुळे.

मोबाइल सगळ्यांना सारखं दाखवत नाही. अंगठा कुठे थबकला, कुठलं रील दुसऱ्यांदा पाहिलं, याची तो नोंद ठेवतो. पंधरा वर्षांच्या मुलीने एकदा ‘पोट कमी करण्याचे उपाय’ शोधलं, की पुढचे कित्येक दिवस तिला पोटंच दिसत राहतात. कंपन्यांना हे ठाऊक आहे. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं उघड केली. त्यात कंपनीच्याच संशोधकांनी लिहून ठेवलं होतं, की आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्रामने ते आणखी वाढवलं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुली सांगतात. जून २०२५ मध्ये टिकटॉकने ‘स्किनीटॉक’ या नावाखालचा शोध बंद केला, कारण त्यात मुलींना उपाशी राहायला शिकवलं जात होतं. टिकटॉक भारतात २०२० पासून नाही. पण तोच मजकूर दुसऱ्या ॲपवरून, मराठी सबटायटलसकट, आपल्या घरात येतो आहे. नॉर्वेत जाहिरातीतला देह संगणकावर बदलला असेल तर तसं छापावं लागतं. हा कायदा आपल्याकडेही हवा, आणि तो मागायला डॉक्टरांच्या संघटनांनी पुढे यायला हवं असं मला वाटतं.

आम्हा डॉक्टरांचं घरही तपासायला हवं. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला तर तो खोटाच जास्त येतो; तरीही मोठा पट्टा नसलेले दवाखाने सगळीकडे आहेत. कान दुखतो म्हणून गेलेल्या बाईला ‘आधी वजन कमी करा’ असं ऐकावं लागतं आणि ती पुन्हा जात नाही. छातीतली गाठ, थायरॉइड, अंगावरून जाणं, सगळं मग उशिरा कळतं. माझ्याकडे वजनकाटा पडद्यामागे आहे. ज्यांना आकडा बघायचा नाही त्या काट्याकडे पाठ करून उभ्या राहतात, आणि आकडा मोठ्याने वाचायचा नाही, ही आमच्या सिस्टरांना सक्त ताकीद आहे.

लठ्ठपणाने काही बिघडत नाही, असं मी म्हणत नाही. गुडघे, यकृत, झोपेतला श्वास, साखर यांवर त्याचा परिणाम होतो आणि त्यावर मी रोज उपचार करते. पण फोटो पाहून त्याचं निदान होत नाही. ज्या बीएमआयवर, म्हणजे उंची-वजनाच्या हिशेबावर, एवढी भिस्त, त्याचं सूत्र केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात समूहाची सरासरी काढण्यासाठी मांडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या आत चरबी दडलेली असते, हे त्या एका फोटोने जगाला कळलं.

त्यामुळे जाड माणसाला हसणाऱ्या घरात बारीक माणसाचंही नुकसान होतं. दोन सख्खे भाऊ माझ्या डोळ्यांसमोर आहेत. थोरला जाड, येताजाता बोलणी खाणारा आणि म्हणून दरवर्षी साखर तपासणारा. धाकटा किडकिडीत, गडकिल्ले चढणारा, सगळ्यांच्या लेखी ‘फिट’. त्याला कधी कुणी तपासायला सांगितलं नाही. नजर अंधुक झाल्यावर तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला आणि तिथून माझ्याकडे आला. मधुमेह बरीच वर्षं आत होता. थोरल्याची साखर आजही ठीक आहे.

आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडे आली आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो, जूनमध्ये वेगोव्ही. औषधं खरोखर चांगली आहेत; लठ्ठपणा हा इच्छाशक्तीचा प्रश्न नसून भुकेच्या हार्मोनचा आहे, हे त्यांनी लाखो रुग्णांना पटवून दिलं. ती थांबवल्यावर उतरलेलं वजन बरंचसं परत येतं, हे मी आधीच सांगून ठेवते. ज्यांना त्यांची गरज आहे अशा माझ्या काही रुग्ण इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्यात, कोथिंबिरीखाली लपवतात. सासूने पाहिलं तर ‘तोंड आवरता येत नाही म्हणून सुया टोचते’ असं ऐकावं लागेल, ही भीती. आणि ज्यांना गरज नाही त्या मुली लग्नाची तारीख ठरली की थेट औषधाचं नाव घेऊन येतात, मोबाइलवर कुणा नटीचा आधीचा-नंतरचा फोटो दाखवतात.

परवाच एक आली होती. बीएमआय २१. इंजेक्शन मी लिहून दिलं नाही. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढुरकं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, ५४ टक्के. यावर कुणी कमेंट करत नाही. तिचं हिमोग्लोबिन आलं ८.४. तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, लिंबू पिळून पालेभाजी खायला सांगितली आणि ब्लाऊजची मापं जरा उशिरा दे म्हटलं.