प्रवासाचा वानवळा

मराठीत ‘वानवळा’ असा एक सुंदर शब्द आहे. नवे पीक घरात आले की त्यातील थोडा वाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे पाठवायचा, तो वानवळा. जपानी भाषेत प्रवासाहून आणलेल्या भेटवस्तूला ‘ओमियागे’ म्हणतात. तो शब्द ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थही ‘त्या भूमीचे उत्पन्न’ असाच होतो. पूर्वी तेथील गावकरी वर्गणी गोळा करून आपल्यापैकी काही जणांना इसे या तीर्थक्षेत्री पाठवीत. ज्यांच्या पैशावर यात्रा घडली त्यांच्यासाठी काही आणणे हे यात्रेकरूचे कर्तव्यच असे. त्या रिवाजाचा ठसा आजही दिसतो. तेथील प्रत्येक प्रांताची मिठाई निराळी, आणि पेटीतील प्रत्येक नग स्वतंत्र कागदात गुंडाळलेला, म्हणजे दहा जणांत विनासायास वाटता यावा.

आपली रीत थोडी वेगळी आहे. देवापुढे अर्पण केलेले आपण घरी आणीत नाही. गुजरातेतील महुडीची सुखडी प्रसिद्ध आहे, परंतु ती तेथेच खायची, आवाराबाहेर न्यायची नाही, असा दंडक आहे. वाटून घेण्याचा आनंद आपण प्रभावनेत शोधला. त्यामुळे आपल्या घरी प्रवासाची भेट येते ती बहुधा बाजारातून, आणि बाजारातून आलेली वस्तू पारखून घ्यावी लागते.

गेल्या वर्षी माझी पुतणी कोबेहून भिवंडीस आली. मोत्यांच्या व्यापारानिमित्त कोबेत आपली माणसे पूर्वीच जाऊन राहिली आणि तेथे 1985 साली संगमरवरी जैन मंदिरही उभे राहिले, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. तिने आणलेल्या वस्तू माझ्या आईपुढे मांडल्या. क्योतोची ‘यात्सुहाशी’ ही तांदळाचे पीठ, साखर आणि दालचिनी यांची. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण. तिला लगेच मान्यता मिळाली. नागासाकीचा ‘कासुतेरा’ हा केक अंड्याचा असल्याने पुतणीने तो आणलाच नव्हता. ‘योकान’ नावाची वडी मात्र अडली. ती जिलेटिनने नव्हे, तर समुद्रातील वनस्पतीपासून काढलेल्या ‘कांतेन’ने घट्ट करतात. “म्हणजे शेवाळच की,” आई म्हणाली. शेवाळ अनंतकाय, म्हणून वडी बाजूला ठेवली गेली.

शेवटी निघाला वाजिमा गावचा काळाभोर, चकचकीत लाकडी वाडगा.

“हे लाखेचं तर नाही ना गं?” आईने विचारले.

“नाही आजी, हा झाडाचा चीक आहे.”

आईचा प्रश्न साधा नव्हता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते, कारण लाख किड्यांपासून मिळते. दंतवाणिज्यही त्याच यादीत येते. जपानमधील जुन्या बाजारात हस्तिदंताच्या कोरीव वस्तू दिसतात, त्या या कसोटीवर बाद ठरतात. वाजिमाच्या भांड्यांवरील ‘उरुशी’ मात्र खरोखरच वृक्षाचा चीक आहे. परंतु पुतणीने पुढची हकीकतही लपविली नाही. दहा-पंधरा वर्षे वाढवलेल्या झाडाला एका हंगामात चिरा पाडून सुमारे 200 ग्रॅम चीक काढतात आणि मग बहुधा ते झाड तोडतात. मुळांतून नवे कोंब फुटतात हे खरे, पण आपल्या यादीत वनकर्मही आहेच. दुसऱ्या बाजूला, 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात वाजिमा उद्ध्वस्त झाले. तेथील सकाळच्या बाजाराची पेठ आगीत भस्मसात झाली. तेथील कारागिरांना त्या वेळी गिऱ्हाइकाचाच आधार होता. आईने ऐकून घेतले आणि निर्णय दिला, “देरासरात न्यायचे तांदूळ यात ठेवायचे नाहीत. पण वाडगा घरात राहू दे. करणाऱ्याचं घर पडलंय.” मला त्या निर्णयात हिंसेचा विचार आणि करुणा दोन्ही दिसली.

हीच पारख आपल्या मुलुखातील वस्तूंना लावून पाहावी. लोणावळ्याची चिक्की सर्वांत निर्धोक. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचे काम चालू असताना मजुरांना विकल्या जाणाऱ्या गूळदाणीतून ती जन्मली, असे सांगतात. शेंगदाणा जमिनीखाली धरतो, पण तो बी आहे, कंद नव्हे. प्रवासात आठवडाभर टिकते हा आणखी एक गुण. नाशिकचा चिवडा घेताना कांदा-लसणाची चौकशी करावी. सावंतवाडीची लाकडी फळे मुलांना अवश्य आणावीत. तेथील दशावतारी गंजिफाचा 120 पानांचा संच तर पाहण्यासारखाच, पण त्यावर लाखेचा लेप आहे काय, हे विचारावे. पैठणी रेशमाची आणि कोल्हापुरी चप्पल चामड्याची, म्हणून अनेक घरांत त्या वर्ज्य आहेत.

तरीही त्या चपलेची गोष्ट व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. टीका झाली तेव्हा भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. महाराष्ट्र व कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांना त्या नावाचे भौगोलिक मानांकन आहे. 1999 चा हा कायदा 2003 पासून अमलात आला. सोलापूरच्या चादरीलाही असेच मानांकन आहे. अन्यत्र विणलेल्या चादरीवर सोलापूरचे नाव छापणे हा कायद्याने गुन्हा, पण आपल्या दृष्टीने तो त्याहून जुना दोष आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे: अस्सलाच्या जागी नक्कल खपविणे. खोट्या मापाशेजारीच त्याला स्थान दिलेले आहे.

भिवंडीकरांनी याचा विचार विशेष करावा. बँकेच्या कामानिमित्त मी यंत्रमागाच्या कारखान्यांतून पुष्कळ हिंडलो. येथे दिवसरात्र कापड विणले जाते, पण ते ‘ग्रे’ स्वरूपात, बिननावाचे, बालोतरा-पालीकडे रंगाईला जाते आणि दुसऱ्याच नावाने बाजारात येते. त्यामुळे भिवंडीहून वानवळा काय न्यावा, असे पुतणीने विचारले तेव्हा घरात कोणालाच चटकन उत्तर सुचले नाही. तिने अखेर लोणावळ्याची चिक्की नेली.

आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांतून अशा भेटवस्तू विकल्या जातात आणि प्रभावनेसाठी घाऊक खरेदीही होते. प्रत्येक पाकिटात एक लहानशी चिठ्ठी असावी: वस्तू कशाची केली, कोणत्या गावी केली आणि कोणी केली. छपाईला चार-आठ आणे लागतील. कापडाच्या व्यापाऱ्यांनीही एखाद्या सुती पंच्यावर किंवा चादरीवर भिवंडीचे नाव निःसंकोच घालावे. पुढच्या खेपेस कोबेला काय पाठवावे, हा प्रश्न तेवढ्याने सुटेल.