जेवतांना येणारी सूज

शरीरांतील खडा म्हटला म्हणजे मूत्रपिंड किंवा पित्ताशय एवढींच दोन स्थानें बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतात. जिभेखालींही खडा होतो, हें आमच्या कारंजा गांवीं कांहीं जाणत्या गृहस्थांस आम्हीं सांगितलें तेव्हां त्यांना ती थट्टाच वाटली. थट्टेचा विषय तो खचित नव्हे. या व्याधीचें सारें दुखणें जेवणाच्या ताटाशीं बांधलेलें असतें, आणि एकत्र कुटुंबांत अर्ध्या जेवणावरून उठणाऱ्या माणसाविषयीं, त्यांतून ती सून असेल तर, लोक फार लवकर मत बनवितात.

आमच्या धाकट्या सूनबाईंचें असेंच झालें. दोन घांस पोटांत जातात न जातात तोंच उजव्या जबड्याखालीं लिंबाएवढी गांठ फुगे, ठणका लागे, आणि तासाभरानें सारें ओसरून जाई. घरांतील बायका मागून जेवावयाच्या. म्हणून सूज फारशी कोणास दिसली नाहीं, दिसलें तें एवढेंच कीं यांचें अन्न तुटलें आहे. कोणी तो रुसवा ठरविला, कोणी उष्णता. अखेर अमरावतीच्या एका दंतवैद्यांनीं 'गांठ केव्हां येते आणि केव्हां जाते?' एवढेंच विचारून रोग ओळखला.

आपल्या मुखांत दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. ती देणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत: कानापुढील, जबड्याखालील व जिभेखालील. पैकीं जबड्याखालील ग्रंथीची नलिका थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्यानें १६५६ सालीं वर्णिली. ती लांब असून खालून वर चढते. तिच्यांतील लाळ घट्ट व चुन्याचा अंश अधिक असलेली. त्यामुळें लाळेच्या खड्यांपैकीं शेंकडा ८० ते ९० येथेंच सांपडतात. अन्नाचा नुसता वास आला तरी ग्रंथी पाझरूं लागते, पुढें वाट अडलेली, मग मागें फुगवटा येणारच.

सुश्रुतानें सांगितलेल्या आठ शस्त्रकर्मांत एष्य म्हणजे शोध घेणें व आहार्य म्हणजे बाहेर ओढणें अशीं दोन आहेत, आणि अश्मरी त्यानें आहार्यांत घातली आहे. आजची रीत मुळांत तीच, साधनें मात्र फार नाजूक झालीं. खडा लहान असेल तर भरपूर पाणी, बाहेरून शेक, मागून पुढें हलक्या हातानें चोळणें आणि लिंबाची फोड किंवा आवळा चघळणें एवढ्यानेंही तो लाळेबरोबर बाहेर पडूं शकतो. न पडल्यास सोनोग्राफीनें किंवा सीटी स्कॅननें जागा पाहतात. साध्या एक्स-रेंत कांहीं खडे उमटतच नाहींत. नलिकेच्या तोंडाशीं असलेला खडा जागा बधिर करून लहानशा छेदानें निघतो. सूनबाईंचा तांदळाएवढा खडा असाच निघाला. खोल असेल तर १९९० नंतरच्या दशकांत रूढ झालेली केसासारखी बारीक दुर्बीण नलिकेंत घालून तो चिमुकल्या जाळींत धरतात. मोठा असल्यास आधीं फोडतात. पूर्वीं बहुधा सबंध ग्रंथीच काढीत. ती पाळी आतां क्वचित् येते, व तें बरेंच आहे, कारण खालच्या ओठाची शीर तिच्या अगदीं जवळून जाते.

खडा कां होतो याचें एकच एक कारण सांगतां येत नाहीं. चुन्याच्या भीतीनें दूध तोडण्यांत मात्र अर्थ नाहीं. रक्तांतील चुना यथास्थित असणाऱ्यांनाही हे खडे होतात. शरीरांतील पाणी आटणें हें अधिक विचार करण्याजोगें. नृसिंहसरस्वतींच्या या जन्मगांवीं गुरुवार धरणारे पुष्कळ. पण वऱ्हाडच्या वैशाखांत निर्जळी कशाला? आणि प्रवासांत सोय नसते म्हणून बायका दिवस दिवस पाणी पीत नाहींत, तो उपवास तर कोणत्याच पोथींत सांगितलेला नाहीं. सर्दीच्या व रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनींही तोंड कोरडें पडतें. तें वैद्यांस सांगावें.

ताप आला, जिभेखालून पू येऊं लागला, तर लिंबू चघळीत बसूं नये. त्याच दिवशीं वैद्यांकडे जावें. गिळतांना किंवा श्वास घेतांना अडूं लागलें तर तडक रुग्णालय गांठावें. जी गांठ जेवणाशीं संबंध न ठेवतां तशीच राहते, तिची तपासणी निराळी असते, व तीही लांबणीवर टाकूं नये.