लुना विजेवर आली, पण गावच्या डीपीचं काय?

मंडळी, विषय थोडा तांत्रिक आहे, पण आपल्या घरातला आहे. दोन मिनिटं काढून वाचा.

लुना कोण, हे नगरकराला सांगावं लागत नाही. १९७२ ला आलेली ही गाडी बनवणाऱ्या कायनेटिक इंजिनीअरिंगचा कारखाना आपल्याच नगरचा. दूधवाले, पेपरवाले, मास्तर, सगळे तिच्यावर फिरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने तीच लुना विजेवर आणली. बॅटरी दोन युनिटची, एका चार्जिंगमध्ये ११० किलोमीटर जाते असा कंपनीचा दावा. पेट्रोल शंभरच्या पुढे गेल्यावर हा हिशेब कुणालाही पटतो.

मला मात्र दुसरा हिशेब मांडायचाय. अशी गाडी चार्ज व्हायला साधारण चार तास लागतात. म्हणजे एक गाडी ५०० वॅटच्या आसपास ओढते. एका गाडीनं काही बिघडत नाही. पण गावात अशा ४० गाड्या झाल्या आणि सगळ्यांनी संध्याकाळी सातला घरी येऊन प्लग लावला, तर झाले २० किलोवॅट. गावठाणाची डीपी ६३ केव्हीएची असेल, तर तिची जवळपास एक तृतीयांश ताकद यातच गेली. त्याच वेळेला घराघरात दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर चालू. डीपी जळाली की नवीन येईपर्यंत गावाचे काय हाल होतात, ते तुम्हाला माहितीये.

आता उपाय बघा. २०१७ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. सुरुवातीच्या प्रकल्पांत आपलं राळेगणसिद्धी होतं. हेतू साधा: शेतीला दिवसा वीज. रात्री बिबट्याच्या भीतीत बारं धरणाऱ्याला त्याची किंमत विचारा. सौर वीज दुपारी भरपूर असते, संध्याकाळी सातला शून्य. मोटारीला जे लागू, तेच गाडीला. दूध घालून आलेली गाडी दुपारभर दारातच उभी असते. मास्तरांची शाळेत उभी असते. तेव्हाच चार्ज करा ना!

जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलतही आहे. या मीटरबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत आणि त्या ऐकल्याच पाहिजेत. पण वेळेनुसार दर हा विचार चुकीचा नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: शाळा, ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र यांच्या छतावर सोलर बसवा आणि खाली दिवसा चार्जिंगची सोय करा. पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचाराच, आपल्या डीपीवर आज लोड किती आणि तिची क्षमता किती? गाड्या तर येणारच आहेत. डीपी जळाल्यावर अर्ज करण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

तुमच्या गावची डीपी किती केव्हीएची आहे? माहिती काढा आणि कमेंटमध्ये टाका. यादी करून बातमी लावू.