माझे एक उतावळे मत

सरकारी नोकरीत मत देणे ही मोठ्या जोखमीची गोष्ट आहे. फाइलीवर चार ओळी लिहायच्या, तर मागील पत्रव्यवहार चाळावा लागतो, नियम पाहावे लागतात. आणि एवढे करून शेवटी ‘आदेशार्थ सादर’ असे लिहून ते मत दुसऱ्याच्या टेबलावर सरकवावे लागते. म्हणूनच की काय, संध्याकाळी घरी आल्यावर चित्रपट, दूरदर्शन आणि पुस्तके यांविषयी बेधडक मते ठोकून देण्यात मला विलक्षण सुख वाटते. तेथे पुरावा लागत नाही आणि लेखापरीक्षणही होत नाही.

उदाहरणार्थ, माझे असे मत आहे की, बढती मिळालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने ‘सिंहासन’ पुन्हा एकदा पाहावा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या 1979 साली एका चित्रपटात सामावून घेताना जब्बार पटेलांनी सत्तेचा वासदेखील पडद्यावर आणला. शांतारामबापूंचा ‘कुंकू’ (1937) आधी पाहावा आणि ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ मागून वाचावी, हेही माझे मत. आणि मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव उभे केल्यापासून चि. वि. जोशींच्या पुस्तकातले चिमणराव मला त्यांच्याच आवाजात ऐकू येतात, हे तर मी ज्याला त्याला सांगत असतो. “हे तुम्ही मागच्या बदलीच्या गावीही सांगितले होते,” असे पत्नी म्हणते. ते खरे आहे. माणसे बदलतात, मते तीच राहतात, ही बदलीच्या नोकरीतली एक सोयच आहे.

पण परमुलखात या मतांना आणखी एक मोल असते. दोन मराठी कुटुंबे भेटली की हवापाणी आणि मुलांच्या शाळा यांवरचे बोलणे पाच मिनिटांत संपते. मग कोणी तरी एखाद्या नटाचे नाव काढतो, दुसरा नाक मुरडतो, आणि बघता बघता दिवाणखान्यात आपले गाव अवतरते. भांडण चित्रपटावरून चालते. खरी भूक असते ती त्या भाषेत भांडण्याची.

असेच एक मत मात्र माझ्या अंगाशी आले. 2016 च्या उन्हाळ्यात मी हैदराबादेस होतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ नुकताच प्रदर्शित झाला होता. चित्रपट करमाळ्याकडचा, आणि माझा जन्मही त्याच सोलापूर जिल्ह्यातला, बार्शी तालुक्यातला. तेव्हा पत्नी आणि नववीत गेलेली कन्या यांना घेऊन मी मोठ्या अभिमानाने चित्रपटाला गेलो. पूर्वार्धात ऊस, विहिरी, धुरळा आणि बुलेटवरून फिरणारी आर्ची. पुढे ती दोघे पळून येतात, तीही नेमकी हैदराबादेतच! गावात जिच्यापुढे कोणाचे चालत नव्हते, ती पोर त्या शहरात तेथल्या भाषेअभावी गप्प होऊन बसते. ते पाहताना मला पहिल्या बदलीचे दिवस आठवले. शेवटच्या प्रसंगात तर पडद्यावरचा आवाजच थांबतो. आमचाही थांबला होता.

बाहेर आल्यावर काही तरी बोलणे भाग होते. मी सवयीने मत दिले, “चित्रपट उत्तम, पण अर्धा तास लांबला आहे. आणि भाषा जरा रांगडी आहे.”

“रांगडी म्हणजे?” कन्येने विचारले.

“म्हणजे... शुद्ध नाही.”

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “पण बाबा, आजी अशीच बोलते ना?”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती. ती मी दिली नाही. मोटार शोधण्याचे निमित्त करून मी पुढे झालो.

वाचकहो, ती माझीही भाषा होती. पुण्यास शिकायला गेलो, तेव्हा मी ‘पानी’ म्हणालो म्हणून खोलीतली मुले आठवडाभर हसत होती. दिवाळीपर्यंत माझा ‘ण’ सुधारला. पुढे नोकरी लागली आणि मी इतका सुधारलो की, माझ्या गावाचा अंदाज कोणाला येईना. हे मी माझे यश मानत आलो. एकदा आई हैदराबादेस आली असताना चहाला सहकारी येणार होते. तिने विचारले, “म्या आत बसू का?” मी “नको” म्हणालो नाही. मी काहीच बोललो नाही. ती आत जाऊन बसली.

‘सैराट’च्या भाषेवर महाराष्ट्राने आपला जीव ओवाळून टाकला. तीच भाषा माझ्या स्वयंपाकघरात दाराआड बसली होती, आणि तिला अशुद्ध ठरवणारा समीक्षक तिचाच मुलगा होता.

त्या रात्री मी गावी दूरध्वनी केला. एरवी मी आईशीही कचेरीतल्यासारखे बोलतो. त्या दिवशी म्हणालो, “आये, जेवलीस का न्हाय?” शब्द इतके सहज आले की, माझे मलाच नवल वाटले.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आईचा काळजीचा आवाज आला, “काय रं, बरं हाय नव्हं तुला? आज आसं का बोलतुयास?”

मी बरा असल्याचे तिला पटवता पटवता बराच वेळ गेला.

चित्रपट अर्धा तास लांबला आहे, हे माझे मत मात्र अजून कायम आहे. भाषेविषयीचे मत मी मागे घेतले असून, तसे कन्येला रीतसर कळवले आहे.