दारू सोडणाऱ्याने विहारात यायचे की नाही?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. आपल्याकडे ती शाळकरी पोरांनाही पाठ असते. पण सकाळी उठल्यावर ज्याचे हात इतके थरथरतात की चहाचा कप ओठापर्यंत जात नाही, त्याने ही प्रतिज्ञा पाळायची कशी? त्याने कोणत्या वारी, किती वाजता, कोणाच्या दारात जायचे? गेल्या दहा वर्षांत जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या व्यासपीठांवरून आम्ही शेकडो भाषणे ऐकली. हा पत्ता एकाही वक्त्याने सांगितला नाही.

दारूचा विषय निघाला की आपण दोन पवित्रे घेतो. बाहेरच्याने काढला तर आपण चिडतो, आणि ते बरोबरच आहे. "तुमच्या वस्तीत पितातच" हे वाक्य जातीच्या तोंडून येते. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, असे त्यात म्हटले आहे. हे १६ कोटी काही आपल्या वस्त्यांत राहत नाहीत. फरक असतो तो काय पितो आणि प्यायल्यावर काय होते यात. क्लबात पिणाऱ्याचा ड्रायव्हर बाहेर उभा असतो. २०१५ च्या जून महिन्यात मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती झोपडपट्टीतली होती.

दुसरा पवित्रा घरातला. आपल्यातलाच कोणी प्यायला की आपण त्याला बाबासाहेबांची शपथ घालतो, बुद्धमूर्तीसमोर उभे करतो, आणि महिनाभराने तो पुन्हा प्यायला की "याला बापाची लाज नाही" म्हणून मोकळे होतो.

आमच्या वस्तीतले एक दादा महापालिकेच्या कामावर कंत्राटी सफाई कामगार आहेत. ज्या कामाचा वास नाकातून जात नाही त्या कामाला शुद्धीवर जाता येत नाही, हे सफाई कामगारांच्या कोणत्याही वस्तीत ऐकायला मिळेल. दादांचेही तसेच सुरू झाले. अंगात घेतल्याशिवाय काम नाही, आणि पुढे पुढे काम नसले तरी घेतल्याशिवाय दिवस नाही. त्यांनी विहारात तीनदा शपथ घेतली, तीनदा मोडली. चौथ्या वेळेला ते विहाराच्या गल्लीतूनच जायचे बंद झाले. लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. हे आम्हाला सगळ्यात जास्त लागले. जो माणूस जयंतीच्या वर्गणीला पहिला उठायचा, तो आपल्याच विहाराला वळसा घालून जात होता.

शपथ आणि शील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरलो आहोत. पंचशीलातले पाचवे शील हे सिक्खापद आहे. शिकण्याचा नियम. कोण्या देवाची आज्ञा नाही, की मोडली तर पाप लागले आणि दार बंद झाले. म्हणूनच तर आपण दर रविवारी पंचशील पुन्हा ग्रहण करतो. एकदा घेऊन संपत असते तर दर रविवारी घ्यायची गरजच नव्हती. मग शील मोडलेल्या माणसाने पुढच्या रविवारी यायचे की तोंड लपवायचे? समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'कलंक' या विषयावर भरपूर वाचले. पण तो कलंक आपल्याच विहाराच्या उंबऱ्यावर बसलेला दिसायला दादांचा लांबचा रस्ता दिसावा लागला.

तर आम्ही शोधाला लागलो.

मीटिंगच्या आधी डॉक्टर, हे पहिले सांगतो, कारण यात माणसे जिवाला मुकतात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एका दिवसात झटक्यात बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, नसलेले दिसू लागते, भ्रम होतो. घरात कोंडून, दोरीने बांधून दारू सोडवणारे बहाद्दर आपल्याकडे आहेत. तो मूर्खपणा आहे. दादांना आम्ही सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. तिथल्या रांगेबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल. औषधे मिळाली, थरथर गेली. रुग्णालयातून घरी आल्यावर मात्र तीच गल्ली, तोच गुत्ता, तीच संध्याकाळ. औषधाला संध्याकाळचे साडेसहा वाजलेले कळत नाहीत.

एम्सच्या त्याच अहवालात एक आकडा आहे. दारूच्या अधीन झालेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळतो. बाकीच्या ३७ जणांचे काय, या प्रश्नाला सरकारकडे पुरेसे उत्तर नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. पण रोज संध्याकाळी शेजारी बसणारा माणूस हेल्पलाइनमधून येत नाही. तो मीटिंगमध्ये भेटतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, सगळे एए म्हणतात, अमेरिकेत १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर या दोन दारुड्यांनी सुरू केले. भारतात ते मुंबईमार्गे आले. आज मुंबई, पुणे, नागपूर आणि अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी त्यांच्या मराठी, हिंदी मीटिंगा भरतात. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. 'ओपन' मीटिंगला कोणीही बसू शकतो, 'क्लोज्ड' मीटिंगला फक्त पिण्याचा त्रास असलेले. शोधायचे असेल तर त्यांच्या हेल्पलाइनवर आपला भाग सांगायचा, वार आणि जागा कळते. गेल्या गेल्या जागा आवडली नाही तर दुसरी बघायची, हेही तिथलेच लोक सांगतात. २०२० मध्ये कोक्रेनने जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांचा हा मार्ग इतर मान्य उपचारांच्या तोडीचा किंवा सरस ठरला. तेव्हा ही नुसती भजनमंडळी नव्हे.

पहिली ओपन मीटिंग एका चर्चच्या शाळेत होती. चौथीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे पोटात घेऊन मोठी माणसे बसली होती. तिथे काय ऐकले ते लिहिणार नाही. तिथले तिथेच ठेवायचे असा नियम आहे. पण एक गोष्ट लिहितो. तिथे कोणी आडनाव सांगत नाही. नाव सांगायचे, मी मद्यपी आहे म्हणायचे, बोलायचे. ज्या देशात घर भाड्याने घ्यायला गेले तरी आधी आडनाव विचारतात, तिथे एक खोली अशी सापडली जिथे आडनाव विचारणे हाच नियमभंग. दादा बाहेर आल्यावर म्हणाले, "इथं माझी जात दारुडा."

आता यावरून तिथे जात नाही असे कोणी समजू नये. दुसऱ्या एका मीटिंगच्या चहाच्या वेळी एकाने आरक्षणावर शेरा मारला. आम्ही ती जागा सोडली, एए सोडले नाही. दादांना जे स्पॉन्सर मिळाले, म्हणजे आधी सोडलेला आणि आता नव्याचा हात धरणारा माणूस, त्यांनीही तिसऱ्या आठवड्यात विचारलेच, "मूळ गाव कुठलं तुमचं?" या प्रश्नाच्या मागे काय असते ते दादांना चांगले ठाऊक. त्यांनी गाव सांगितले, समाजही सांगून टाकला. दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्या स्पॉन्सरचा फोन नेहमीसारखा आला. त्यानंतरही आला.

खरा वाद देवाचा. बारा पायऱ्यांमध्ये देव येतो, प्रार्थना येते, स्वतःला 'उच्च शक्ती'च्या हवाली करणे येते. पहिल्या प्रतिज्ञेपासून देव नाकारणाऱ्याने हे म्हणायचे का? आमच्यातल्या काही तरुणांनी स्पष्ट सांगितले, ही दारू सोडायच्या नावाखाली घरवापसी आहे. आम्हाला हे पटत नाही, पण आक्षेप फालतूही वाटत नाही. एएच्या मूळ पुस्तकातच, १९३९ साली, 'आम्हाला जसा समजला तसा देव' अशी सूट ठेवावी लागली, कारण पहिल्या मंडळींत नास्तिक होते. बऱ्याच नास्तिकांनी 'उच्च शक्ती' म्हणजे समोर बसलेला गट असा अर्थ घेतला आहे. आपल्याला तो अर्थ परका नाही. संघं सरणं गच्छामि आपण रोज म्हणतो. दादा प्रार्थनेच्या वेळी उभे राहतात आणि गप्प राहतात. आजवर कोणी हटकले नाही.

देव नकोच असेल तर दुसरे मार्ग आहेत, पण ते बहुतेक ऑनलाइन आणि इंग्रजीत. १९९४ पासूनचे स्मार्ट रिकव्हरी विवेकावर आणि मानसशास्त्रावर चालते. २०१९ मध्ये सुरू झालेले रिकव्हरी धर्मा तर चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग यांवरच उभे आहे. ध्यान करतात, मग बोलतात, त्यांचे पुस्तक फुकट मिळते. आम्हाला आनंद झाला आणि जरा रागही आला. व्यसन म्हणजे तृष्णा हे अमेरिकेतल्या माणसांनी बुद्धाकडून उचलले, मीटिंग उभी केली, आणि आपण मूर्तीसमोर शपथा घालत बसलो. आम्ही लॉगिन केले. तिकडची संध्याकाळी सातची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला येते, दादा तेव्हा हजेरीला निघतात. आणि इंग्रजी. ज्यांना इंग्रजी येते आणि एकांत मिळतो, त्या आपल्या शिकलेल्या पोरांनी जरूर बघावे. आपल्यातले नोकरदार, वकील, प्राध्यापकही पितात. त्यांना वस्तीतल्या मीटिंगला यायची लाज वाटते, त्यांच्यासाठी कॅमेरा बंद ठेवून ऐकणे ही चांगली सुरुवात आहे.

दादांना उपयोगी पडल्या त्या एएच्या हिंदी-मराठी ऑनलाइन मीटिंगा. लॉकडाऊनमध्ये असल्या मीटिंगा वाढल्या आणि नंतरही राहिल्या. नव्याने सोडणाऱ्याला ९० दिवसांत ९० मीटिंगा करायला सांगतात. कंत्राटी कामगाराला हे प्रत्यक्ष जाऊन कसे जमणार? त्यांनी फोन कानाला लावून, हजेरी-चौकीच्या मागे बसून केल्या. नव्वद नाही झाल्या, एकाहत्तर झाल्या.

वहिनींसाठी वेगळे शोधावे लागले. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणने पत्नींचा 'सहचरी' गट चालवला, आणि उपचार घेऊन गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या सभा ठेवल्या. वहिनी पहिल्यांदा गेल्या तेव्हा नवऱ्याच्या खिशातले पैसे मोजणे बंद कर, एवढेच त्यांना कोणी तरी सांगितले. त्या म्हणाल्या, वीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सात वाजता मीटिंग भरते. समितीत तीन बैठका भांडण झाले. एकाचे म्हणणे, दारुडे आत आले तर वास्तूची विटंबना. दुसऱ्याचे म्हणणे, चालवा, पण नाव बाबासाहेबांचे द्या. एएचा गट कोणत्याही संस्थेशी, पक्षाशी, धर्माशी नाव जोडत नाही आणि बाहेरची देणगी घेत नाही, त्यामुळे आपण फक्त खोली द्यायची, नाव नाही, बॅनर नाही, उद्घाटन नाही. बॅनरशिवाय कार्यक्रम ही कल्पनाच आपल्या लोकांना पचायला जड गेली. शेवटी भाडे ठरले, आठवड्याला शंभर रुपये. ते त्यांच्यातच टोपी फिरवून जमवतात आणि वेळेवर देतात. सात-आठ जण येतात. दोन जण शेजारच्या वस्तीतले, आपल्या समाजाचे नाहीत; भिंतीवर फोटो कोणाचा आहे ते बघून आले आणि बसले.

बायका येत नाहीत. पिणाऱ्या बायका आहेत, आम्हाला दोघी माहीत आहेत, पण पुरुषांच्या खोलीत त्या येणार नाहीत. त्या सध्या फोनवर फक्त बायकांच्या मीटिंगला बसतात, एकीच्या घरात, दार लावून. त्यांच्यासाठी बुधवारची दुपार मागितली आहे. समितीची बैठक येत्या रविवारी वंदनेनंतर आहे.